अर्धा सूत

रविवार, रात्री साडेनऊ

पहाटे सायकलवरून जोतिबाला जाऊन आले. शिवाजी पूल ओलांडला, आंबेवाडीहून प्रयाग चिखलीकडं आत वळून नदीचं पाणी बघितलं आणि मग केर्लीवरून डोंगर चढले. परतले तेव्हा सायकलवर तीन रंग होते. मडगार्डच्या आत नदीकाठची काळी माती, चेनभोवती डोंगरावरची तांबडी आणि हँडलच्या पट्टीला जोतिबाचा गुलाल.

काळी माती वाळली की खरवडूनच काढावी लागते, तोवर थांबायचं नाही. चहा बाजूला ठेवला आणि परसात बादली घेऊन बसले. पाणी तांब्यानंच ओतते, वरून खाली, हलक्या हातानं. गेल्या पावसाळ्यात कंटाळा केला आणि मोटारसायकली धुतात तिथं सायकल प्रेशरच्या पाण्याखाली धरली. पाच मिनिटांत चकाचक! तीन आठवड्यांत पायडल मारलं की बॉटममधून, म्हणजे पायडल ज्यावर फिरतात त्या मधल्या आसातून, कटकट ऐकू यायला लागली. उघडलं तर ग्रीस धुऊन गेलेलं आणि छर्रे गंजलेले. त्या जोराचं पाणी सीलच्या आत शिरतं आणि मग बाहेर यायला त्याला वाट नसते. बघून डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. तेव्हापासून सायकल दुसऱ्याच्या हातात धुवायला दिलेली नाही.

भांड्याच्या साबणाचे चार थेंब, जुनी बनियन, दातांचा जुना ब्रश. एवढं सामान पुरतं. ब्रेकच्या रबरात खडे रुतलेले असतात, ते मी सेफ्टी पिनेनं एकेक उकरून काढते. आज खड्यांबरोबर चकाकणारे बारीक कणही निघाले. म्हणजे रिम खरवडायला सुरुवात झाली होती आणि मी वर घाटात मजेत ब्रेक दाबत होते. नुसतं पाणी मारून पुसलं असतं तर हे दिसलंच नसतं.

चेनला फडक्यावर थोडं डिझेल घेतलं. ते काळं फडकं आणि उरलेलं डिझेल वेगळ्या डब्यात ठेवते, गटारात नाही. आमच्याकडचं गटार जयंती नाल्याला मिळतं आणि नाला पंचगंगेला. सकाळी जिच्या काठी उभी राहिले तिच्यातच दुपारी हे कसं सोडू?

चेन पुसत होते तेव्हा अण्णा येऊन पायरीवर बसले. उद्यमनगरात लेथवर त्यांची सगळी नोकरी गेली, रोज सायकलनं जाऊन-येऊन. थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग उठून आतनं त्यांची स्टीलची फुटपट्टी घेऊन आले.

"चेन ताणून धर," म्हणाले.

एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं आणि पुढं चोविसाव्या पिनेपर्यंत मोजलं. दोन पिनांत अर्धा इंच, म्हणजे चोवीस घरांत बरोबर १२ इंच भरायला पाहिजेत. पीन रेघेच्या पुढं गेलेली होती.

"अर्धा सूत गेलंय बघ."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत ऐकायला किती कमी वाटतं! मी म्हटलं, "लोखंड एवढं ताणतं होय अण्णा?"

"लोखंड कशाला ताणतंय? पिना झिजल्या. तेलात माती मिसळली की इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्टच झाली की ती. आता बदल. पुरतं एक सूत होईस्तोवर चालवलीस तर मागच्या चक्राचे दातबी जातील, आणि मग नवी चेन घातलीस तरी घसरंल."

मी दर रविवारी तेल सोडत होते, पण आधी पुसत नव्हते. तेल घातलं म्हणजे काळजी घेतली असं इतके दिवस समजत होते, आणि मातीवर तेल घालून मीच ती पेस्ट तयार करत होते. हे मनाला फार लागलं. आज चेन कोरडी होईतोवर पुसली, मग एकेका रोलरवर एकच थेंब सोडला, पायडल उलटं फिरवलं आणि वर राहिलेलं तेल टिपून घेतलं. अण्णा प्रत्येक थेंबाला मान हलवत होते. गुडघ्याच्या दुखण्यामुळं त्यांनी सायकल सोडली, पण आज मागचं चाक त्यांनी स्वतः हातानं फिरवलं आणि थांबेपर्यंत कान देऊन ऐकलं.

हँडलच्या पट्टीवरचा गुलाल साबणानंही पुरता गेला नाही. आणखी घासला नाही.

उद्या संध्याकाळी नवी चेन आणायची. अण्णा बरोबर येतो म्हणालेत.