इस्त्रीचे साक्षीदार

इस्त्री ही काही हौसेने घ्यायची वस्तू नाही. जुनी एके दिवशी तापेनाशी होते, किंवा ऐन घाईत पांढऱ्या शर्टावर तपकिरी पाणी ओकते, आणि मग नाइलाजाने नवीचा शोध सुरू होतो. मोबाइलबद्दल आपल्या कानावर चार गोष्टी पडलेल्या असतात, गाड्यांबद्दल तर न विचारताही कुणीतरी तासभर सांगतं. पण "तुमची इस्त्री कशी आहे हो?" असं कुणाला विचारून बघा. समोरचा क्षणभर गोंधळतो आणि म्हणतो, "आहे की. तापते."

मग उरतात रिव्ह्यू.

पहिलाच पाच स्टारचा असतो. "पॅकिंग उत्तम, वेळेत मिळाली, रंग फोटोत आहे तसाच. अजून वापरली नाही." वापरली नाही, पण स्टार पाचच्या पाच! या माणसाचा मला राग येत नाही. बिचाऱ्याला घाईघाईने विचारलं गेलं, त्याने भिडेखातर सांगून टाकलं. अडचण अशी की पहिल्या आठवड्यात कुठलीही इस्त्री गुणाचीच असते. हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं १८८२ साली. विजेवर लोखंड तापवणं यात आता कुणाची कसोटी लागत नाही. स्टीम इस्त्रीचे खरे गुण दिसायला बरेच महिने जावे लागतात. तळाची भोकं क्षाराने बुजतात, टाकीच्या सांध्यातून पाणी पाझरतं, वाफेचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं, हँडलपाशी वायर पिळून पिळून आतल्या आत तुटते. साक्ष घ्यायची ती तिच्याबरोबर वर्षभर नांदलेल्या माणसाची, आणि पिंजऱ्यात उभा असतो काल खोका उघडलेला.

नांदलेला माणूस का लिहीत नाही, हे उघड आहे. धड चालणारी इस्त्री डोक्यात राहतच नाही. लिहितो तो हरखलेला, नाहीतर पिसाळलेला. नान हू हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ऑनलाइन रिव्ह्यूंचा हाच स्वभाव दाखवून दिला होता: स्टार मांडले तर आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो. पाचवाल्यांचा उंच मनोरा, एकवाल्यांचा छोटा उंचवटा, आणि मध्ये खड्डा. आपल्याला हवा असलेला माणूस नेमका त्या खड्ड्यात असतो. "रोजच्या सुती कपड्यांना ठीक, जाड लिननवर दोनदा फिरवावी लागते," असं सांगणारा.

विकत घेतलेले रिव्ह्यू हा आणखी निराळा धंदा. ते पूर्वी भाषेवरून ओळखू यायचे, कारण सगळे एकाच साच्यातले असायचे. आता यंत्रं इतकी सफाईदार वाक्यं लिहितात की अशुद्ध, अर्धवट, वैतागून खरडलेल्या मजकुरावरच माझा जास्त विश्वास बसू लागला आहे. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत याचं एक आंतरराष्ट्रीय मानकही २०१८ साली निघालं, आयएसओ २०४८८. मानक पाळणं ऐच्छिक आहे, आणि खोटं लिहिणारा ते उघडूनही बघणार नाही, हे सांगायला नकोच.

मला खरी चीड आहे ती 'सर्वोत्तम दहा इस्त्र्या' छाप लेखांची. लिहिणाऱ्याने दहातली एकही हातात धरलेली नसते. खोक्यावरचे आकडे उतरवून घ्यायचे, प्रत्येकीला तीन गुण आणि एक दोष द्यायचा (दोष बहुधा 'वायर थोडी लांब हवी होती' असा निरुपद्रवी), आणि खाली खरेदीची लिंक. त्या लिंकवरून तुम्ही घेतलीत की लिहिणाऱ्याला दलाली. दलाली घ्यायला माझी हरकत नाही, पण उतरवलेला आकडा शक्य तरी आहे का, एवढं तपासायला फक्त शाळेतलं विज्ञान लागतं.

वाफेचा आकडा 'मिनिटाला इतके ग्रॅम' असा देतात. साधारण तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,५७० ज्यूल उष्णता लागते. दोन हजार वॅटची इस्त्री सेकंदाला दोन हजार ज्यूल देते, म्हणजे मिनिटाला एक लाख वीस हजार. भागाकार केला की ४७ ग्रॅमच्या आसपास उत्तर येतं, तेही सगळी उष्णता वाफेलाच मिळाली आणि तळाला, कापडाला, हवेला काहीच गेली नाही असं धरून. बाराशे वॅटला हीच मर्यादा २८ ग्रॅमची. तेव्हा बाराशे वॅटची इस्त्री 'अखंड ४० ग्रॅम वाफ' देते असं कुणी लिहिलं, तर एक तर त्याने वापरलेली नाही किंवा ती इस्त्री भौतिकशास्त्राला मानत नाही. 'स्टीम शॉट'चा दीडशे-दोनशेचा आकडा मात्र खोटाच असेल असं नाही. तो फवारा क्षण-दोन क्षणांचा असतो, तापलेल्या तळात साठलेल्या उष्णतेवर निघतो, आणि त्याचा वेग मिनिटाच्या हिशेबाने छापतात. एवढा फरक ज्या रिव्ह्यूत सांगितलेला असतो, तो मी शेवटपर्यंत वाचते.

तक्रारींचंही तसंच. स्टीम इस्त्रीची सगळ्यात लाडकी तक्रार म्हणजे 'पाणी ठिबकतं'. ठिबकतं म्हणजे टाकीतून उतरलेल्या पाण्याची वाफ होण्याइतका तळ तापलेला नसतो. डायलवर ठिपके असतात: एक ठिपका नायलॉन-अ‍ॅक्रिलिकसारख्या नाजूक कापडांना, दोन लोकर-रेशमाला, तीन सुती-लिननला. साध्या इस्त्रीत वाफ सहसा दोन ठिपक्यांच्या पुढेच वापरायची असते, आणि हे माहितीपत्रकात छापलेलं असतं, जे खोक्याबरोबर माळ्यावर जातं. तेव्हा ठिबकण्याची तक्रार वाचली की मी आधी ठिपका शोधते. "तीन ठिपक्यांवर पाच मिनिटं तापवूनही ठिबकते" हा इस्त्रीवरचा आरोप. नुसतं "ठिबकते, घेऊ नका" असेल, तर आरोपी कोण ते ठरवता येत नाही.

पाण्याचं तर कुणी नावच काढत नाही. जड, म्हणजे क्षारांचं, पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते आत थरावर थर बसतं. मग एक दिवस वाफेबरोबर पांढरे कण काळ्या पँटवर उतरतात. तीच इस्त्री मऊ पाण्याच्या गावात वर्षानुवर्षं निर्मळ चालते. म्हणून 'सहा महिन्यांत कचरा' आणि 'पाच वर्षं झाली, मस्त' हे एकाच मॉडेलबद्दलचे दोन्ही रिव्ह्यू खरे असू शकतात. काही कंपन्या जड पाण्यात निम्मं डिस्टिल्ड पाणी मिसळायला सांगतात, काही नळाचंच घाला म्हणतात. आपण काय घालत होतो हे ज्याने लिहिलं, त्याच्या दोन ओळींना माझ्या लेखी इतरांच्या दोनशे स्टारांपेक्षा जास्त किंमत आहे. पण असा माणूस शोधायचा तर तासभर पानं उलटावी लागतात. 'अपडेट' हा शब्द टाकून शोधलं की कधीकधी सापडतो: वर्षापूर्वी पाच स्टार दिलेले, आणि खाली वैतागाने जोडलेलं, "अपडेट: वॉरंटी संपली आणि गळायला लागली."

काही संस्था हे काम नीट करतात. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून, ब्रिटनमध्ये 'व्हिच?' १९५७ पासून, जर्मनीत 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' १९६४ पासून. वस्तू गिऱ्हाइकासारखी पदरचे पैसे मोजून घ्यायची, प्रयोगशाळेत तपासायची, उत्पादकाकडून जाहिरात घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. इस्त्रीच्या कामगिरीचं मोजमाप कसं करावं यासाठी आयईसी ६०३११ नावाचं मानकही आहे. त्यांचं वाचावं, जरूर वाचावं. फक्त त्यांनी तपासलेलं मॉडेल आपल्या बाजारात त्याच नंबराने मिळेलच असं नाही. शेवटची दोन अक्षरं बदललेली असतात, आणि त्यांच्यामागे तळ बदलला की नुसता रंग, हे कंपनीलाच ठाऊक.

इतकं सगळं वाचूनही एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत मिळत नाही: आपलं मनगट काय म्हणेल. 'हलकी आहे' असं पैलवानही लिहितो आणि सांधेदुखीवालाही. त्यासाठी दुकानात जाऊन उचलून बघणं आलं. पण तिथली इस्त्री कोरडी असते, आणि तीनशे मिलीची टाकी भरली की ती तीनशे ग्रॅमने जड होते. म्हणून मी दुकानात पाणी मागते. मुलगा अगत्याने गार पाण्याची बाटली आणून देतो, आणि मी टाकीचं झाकण उघडायला लागले की धावत जाऊन मालकाला बोलावून आणतो.