काड्यांचे गठ्ठे

शनिवार, ३० मार्च २०२४
नगर

सकाळी आईबरोबर कबरस्थानात गेले. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या घरी हा नेम आहे. कबर धुवायची, चुन्याचा हात द्यायचा, पहाटे मेणबत्त्या लावायला जागा साफ करून ठेवायची. बाबांच्या कबरीवर कडुनिंबाचा पाला साचला होता. मी खराट्याने तो ओढत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, चुना उरला तर ठेव गं थोडा."

ती होती, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मी मान वर केली नाही. चुना आईने दिला.

इथे तरी खरं लिहावं. गेले पाच आठवडे मी तिच्याशी एक वाक्य धड बोललेले नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी रात्री शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर निवडयादी लागली. (नाव पवित्र, आणि ते उघडून माझ्या मनात जे जे आलं ते कुठल्याच पाळकसाहेबांना सांगता येणार नाही.) यादीत ती होती, मी नव्हते. आम्ही दोघी एकाच वर्षी डी.एड. झालो, चर्चच्या एकाच तरुण संघात वाढलो, आणि गेल्या वर्षी टेट, म्हणजे शिक्षकभरतीची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, द्यायला एकाच एसटीने पुण्याला गेलो. दोन तास, दोनशे गुण. त्यातल्या बुद्धिमत्तेच्या ८० गुणांची तिची सगळी तयारी मी आमच्या ओट्यावर बसून करून घेतली होती. आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न तिला काही केल्या जमत नसत. शेवटी मी घरातला खरा आरसा आणून तिच्यापुढे धरला होता. तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले.

त्या रात्री मी हिशेब करत बसले. शिक्षणसेवकाचं, म्हणजे पहिल्या तीन वर्षांतल्या नव्या शिक्षकाचं, मानधन आता १६ हजार. तीन वर्षांचे महिने ३६. म्हणजे ५ लाख ७६ हजार, आणि नंतर पूर्ण वेतनश्रेणी. मला आत्ता शाळेत मिळतात ते नऊ हजार, तेही सुट्टीतले मिळतील न मिळतील. मत्सराला गणित फार छान येतं, फक्त त्याला दुसऱ्याचेच आकडे मांडायला आवडतात.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती घरी आली. शाळा लांबच्या जिल्ह्यात, डोंगरात. पहिलीच्या पोरांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. म्हणाली, "तुझे ते दशकाचे गठ्ठे आणि चित्रकार्डं देशील का? निदान पोरांच्या हाताला काहीतरी लागेल."

आठ वर्षांत जमवलेलं साहित्य आहे ते. आइस्क्रीमच्या काड्या धुऊन, वाळवून, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेले. मणीमाळा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलेली चित्रं. मी म्हटलं, "अगं, सगळं उंदरांनी खाल्लं."

उंदीर आइस्क्रीमच्या काड्या खात नाहीत. हे तिलाही कळतं. "बरं," म्हणाली आणि चहा न घेता गेली. चहा मीही घेत नव्हते, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, सोडला होता ना! चाळीस दिवस चहा सोडला आणि मत्सर मात्र दोन्ही वेळ पोटभर जेवले.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, यंदा होळी आली. शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. दारात एक झावळी, ताटात पोळी, आणि मी आत बसून चर्चमध्ये तिला सगळे "अभिनंदन, अभिनंदन" करत होते ते आठवत होते. मला मात्र त्याच लोकांनी "देवाची वेळ असते बाई, थांब" असं सांगितलं. हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खात्यात एक तारखेला पगार जमा होतो, हे मला आता पाठ झालंय.

काल उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. पण मी अडकले त्याच्या आधीच, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय वाचत होते तिथे. लोकांनी येशूला का धरून दिलं, ते रोमी सुभेदार पिलाताला ठाऊक होतं: हेव्यामुळे. लहानपणापासून दरवर्षी ऐकतेय हे वाचन. यहूदाची चांदीची नाणी, कोंबडा, काट्यांचा मुगूट सगळं लक्षात राहिलं, हा एक शब्द कधी कानात शिरला नव्हता. वधस्तंभापाशी उभ्या असलेल्या माणसांत मी आजवर स्वतःला रडणाऱ्या बायकांच्या बाजूला धरत आले. काल पहिल्यांदा वाटलं, माझी जागा पलीकडच्या घोळक्यात आहे. तिसऱ्या उद्गारापर्यंत मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

घरी येऊन प्रार्थनेला बसले. "प्रभू, तिचं भलं कर" एवढं म्हणायचं होतं. जिभेवर येईना. दोनदा सुरुवात करून सोडून दिलं. मग म्हटलं, "त्या शाळेतल्या पोरांचं भलं कर." हे जमलं. पोरांनी माझं काय वाकडं केलंय? त्यांच्यासाठी मागताना हळूहळू फळा आला, खडू आला, आणि फळ्यापाशी उभी असलेली बाई आली. तिला वगळून त्या वर्गासाठी प्रार्थना करायची तरी कशी?

आज दुपारी लूकाचं शुभवर्तमान उघडलं. या शनिवारी काय झालं ते शुभवर्तमानांत जवळपास लिहिलेलंच नाही. मत्तयात कबरेवर पहारा बसतो. लूक एवढंच सांगतो की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या दिवशी, आज्ञेप्रमाणे त्या स्वस्थ राहिल्या. आम्ही या दिवसाला वाट पाहण्याचा दिवस म्हणतो, पण आपण कशाची वाट पाहतोय हे त्या बायकांना कुठे माहीत होतं? त्यांच्या लेखी सगळं संपलं होतं. तरी द्रव्यं तयार करून ठेवली. मला हे "देवाची वेळ असते बाई"पेक्षा फार जवळचं वाटतं.

आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी तो येशूचा शिष्य पेत्र. पुनरुत्थान होऊन गेलंय, तळ्याकाठी मासे-भाकरी खाऊन झालीय, "माझी मेंढरे चार" असं काम हातात मिळालंय, तरी हा मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवतो: आणि याचं काय? प्रभू त्याला म्हणतो, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. आमच्या नगरी बोलीत सांगायचं तर, "तुला काय करायचंय?" ऐकून हसू आलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी माळ्यावरून पेटी उतरवली. आई खाली स्टूल धरून उभी होती, काही विचारलं नाही तिने. रबरं सगळी वाळून तुटली होती, काड्या मोकळ्या. नवी रबरं आणून पुन्हा मोजायला बसलो दोघी. चित्रकार्डांत आंबा सापडला नाही, तो नवा काढला. देठ जरा वाकडा आलाय.

साडेसातला तिच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं. मी म्हटलं, "मावशी, आहे का ती?" ती बॅग भरत होती, मंगळवारी निघायचंय तिला. पेटी पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "उंदरांनी नव्हतं खाल्लं."

"माहितीये," ती म्हणाली. झाकण उघडून वरचा गठ्ठा घेतला, मोजला आणि म्हणाली, "यात नऊच आहेत गं."

तिथेच जमिनीवर बसून पुन्हा सगळे मोजले. छातीत अजून मधूनमधून काहीतरी टोचत होतं, विशेषतः तिच्या रुजू होण्याच्या पत्राची झेरॉक्स पलंगावर दिसली तेव्हा. पण मोजताना हात थांबला नाही. मावशींनी चहा विचारला. मी म्हटलं, "उद्या सकाळी, उपासनेनंतर."

दहा गठ्ठे मी ठेवून घेतलेत, शंभरापर्यंतचे. माझी यादी लागेल तेव्हा लागतील. ते टेबलावर आहेत, उद्याच्या मेणबत्त्यांशेजारी. चारचा गजर लावलाय.