आज्जीची वीट आणि नातवाची पफी

सोफ्याचं काम घेऊन येणारं गिऱ्हाईक हल्ली तोंडानं कमी बोलतं, मोबाइल पुढं करतं. फोटोत मखमली कापडाची, सोनेरी पायांची, मधोमध बटण दाबलेली पफी, म्हणजे सोफ्यापुढं पाय ठेवायची गादीची बैठक, असते. "हीच पाहिजे, ह्याच रंगात." मी रंगाचं नंतर बघतो. आधी विचारतो, पाय कुणाचे ठेवायचेत? काही जण हसतात. काहींना वाटतं, कारागीर जरा आगाऊ दिसतोय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या अंगाला एका घरी माप घ्यायला गेलो होतो. पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचं कुटुंब. नातू पुण्यात आयटीत, त्यानं घरासाठी नवाकोरा सोफा घेतलेला. सीट खोल, उंची 18 इंच. आता त्याच्या जोडीला पफी हवी होती, तीसुद्धा 18 इंचीच, म्हणजे "एका लेव्हलला दिसेल". खाली वाकून टेप लावायला गेलो तर सोफ्याच्या कोपऱ्यात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडून बघतो तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन विटा!

सूनबाई ओशाळल्या. "आज्जींचं आहे ते. मी रोज गच्चीवर नेऊन ठेवते, त्या रोज खाली आणतात." नातू वैतागलेला. एवढा महागाचा सोफा आणि खाली विटा, पाहुणे काय म्हणतील?

आतल्या खोलीतून आज्जींचा आवाज आला, "पंढरपूरचा विठोबा विटेवर उभाच हाय की. त्याला कोण काय म्हणतंय? मी तर नुसते पाय टेकवते."

आज्जींचं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. भिंतीला पाठ, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. जमिनीवर दिवसभर बसणारं माणूस. आता गुडघे गेले, डॉक्टरांनी खाली बसायचं बंद केलं, म्हणून सोफा आला. पण सोफा उंच माणसाच्या मापाचा. आज्जी पार मागं टेकून बसल्या की पाय अधांतरी. सीटची कड मांडीखाली रुतते, थोड्या वेळानं पावलांना मुंग्या येतात. पाय टेकावेत म्हणून पुढं सरकलं की पाठ सुटते, मग कंबर धरते. हे त्या कुणाला सांगत बसल्या नव्हत्या. गच्चीवरच्या विटा आणल्या होत्या, इतकंच.

मी म्हटलं, "आज्जी, जरा बसता का? माप घेतो."

"सोफ्याचं घेतलास की."

"तुमचं घेतो."

गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून टाचेपर्यंत साडेचौदा इंच भरलं. त्या बसल्यावर फोम दबून सीट साडेसतरावर आली होती. फरक तीन इंचांचा. मग विटेला टेप लावली. विटेची जाडी, तीन इंच! नातवाला टेप दाखवली. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसानंतर विटा गच्चीवर गेल्या नाहीत.

दुकानात पफी मागणाऱ्यांना मी हेच समजावत असतो. पाय ठेवायच्या वस्तू दोन जातीच्या. एक, पाय लांब करून वर टाकायची. ती सीटपेक्षा इंच-दोन इंच खालीच पाहिजे. बरोबरीची केली की गुडघा ताठ राहतो आणि सगळा भार टाचेवर येतो. उंचीत दोन इंच कमी केले तर गुडघा जरा वाकलेला राहतो आणि पोटरीलाही टेकू मिळतो. दुसरी, लोंबकळणारे पाय टेकवायची. ती तीन-चार इंचांची, बसकी, पाटासारखी. फोटोत ती कधीच दिसत नाही, कारण ती दिसायला काहीच नसते. (पायांना सूज असेल तर मात्र मी पफीची ऑर्डर घेत नाही, आधी डॉक्टरकडं जायला सांगतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.)

नातवाच्या पफीची उंची बऱ्याच वादानंतर 16 वर आणली. आत पोकळ, वर झाकण, 40 डेन्सिटीचा, म्हणजे चांगला दाट फोम. आत काय ठेवणार म्हणून विचारलं तर उत्तर सोलापुरी घरातलंच, पाहुण्यांच्या चादरी. सोनेरी पाय मी नको म्हणत होतो. बारीक पायांच्या पफीच्या कडेवर कुणी बसलं की ती कलंडते, आणि घरात लहान पोर असेल तर ते बसतंच. पण त्याची हौस होती, मग चार पाय जरा बाहेर तिरके काढले.

आज्जींची पाय टेकवायची बसकी चौकी उरलेल्या सागवानी तुकड्यांतून केली. लांबी दीड फूट, म्हणजे दोन्ही पावलं मोकळी मावतात, बोटांकडची बाजू किंचित उंच, खाली चार रबरी बुश. आमच्या गावात फरशी सगळीकडं, बुश नसेल तर वस्तू पायाखालून सटकते. वरचं कापड आज्जींनी स्वतः दिलं, जुनी चादर. जकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी काढलेली चादर जाड असते खरी, पण सुती विणीला ताण दिला की ती सरकते आणि पिना मारल्या तिथं धागे सुटतात. म्हणून खाली मांजरपाट ताणून घेतला, चादरीच्या कडा दुमडून शिवल्या आणि खोळ चेनची केली. धुवायला निघाली पाहिजे ना, पाय ठेवायची वस्तू आहे. उलट बाजूलाही नक्षी असतेच, रंग तेवढे उलटे. आज्जी म्हणाल्या, उलटीच बाजू वर घे, ती कमी मळकी दिसते. ऐकलं.

दोन्ही वस्तू पोचवल्या. महिन्याभरात नातवाचा फोन. पफी उत्तम आहे, तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. भांडण चौकीवरून लागलंय. सूनबाई भाकऱ्या थापताना ती ओट्याखाली ओढून घेतात, एक पाय तिच्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेला आराम पडतो म्हणे. पडणारच, बराच वेळ उभं राहायचं काम असेल तर ही जुनी युक्ती आहे. सुट्टीला आला की नातू स्वतः लॅपटॉप घेऊन बसताना चौकी उचलतो. आणि आज्जी ओरडतात.

"अजून दोन करा," तो म्हणाला. ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला चौकी पाच इंचांची बरी, ते मी सांगितलं. वर चढून डबे काढायचे नाहीत, हेही बजावलं. रात्री वाटेत ठेवायची नाही, आज्जी अंधारात उठतात.

"कापड कुठलं लावू?"

मागून आज्जींचा आवाज, "चादर मी देते. मरून रंगाची नको म्हणावं त्याला."