पाणी उकळतंय, पण 96 काही होईना

आमची कंपनी म्हणजे भोसरीतलं एक छोटं युनिट, फूड पॅकिंगच्या मशिनी बनवतो, आणि मी सर्व्हिस इंजिनिअर, म्हणजे मशीन विकलं की पुढचं सगळं माझ्या डोक्यावर. तर ऑगस्टमध्ये साहेब म्हणाले इंडोनेशियाला एक कप सीलिंग लाइन गेलीय, लावून ये, चार दिवसांचं काम. मी आपलं बाली वगैरे डोळ्यांसमोर आणून चार टी-शर्ट भरले बॅगेत. ही पहिली चूक.

जायचं होतं सेंबुंगान नावाच्या गावाला. मध्य जावामध्ये दिएंग म्हणून ज्वालामुखीचं पठार आहे, त्याच्यावर हे गाव, उंची साधारण 2,300 मीटर, जावातलं सगळ्यात उंच गाव असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर अजून साडेसहाशे मीटर चढा आणि तिथे माणसं बटाटे लावतायत, शाळेला पोरं चाललीयेत असं समजा. मुक्काम पठारावरच दिएंगला होता, रात्री तीन ब्लँकेट घेऊनही दात वाजत होते.

सकाळी निघालो तर अर्जुनाच्या देवळांपाशी गवत पांढरंफेक! दहिवर गोठलेलं. टुरिस्ट पोरं त्यात लोळून फोटो काढत होती आणि शेजारच्या शेतात एक म्हातारा बटाट्याची पानं हातात घेऊन बघत उभा होता. ह्याला इथे 'बुन उपास' म्हणतात, म्हणजे विषारी दव, कारण एका रात्रीत बटाट्याचा पाला जाळून काळा करतं. आणि हो, अर्जुनाचीच देवळं, शंकराची आहेत खरी पण नावं पडलीयेत महाभारतातली, अर्जुन, पुंतादेव, श्रीकांडी, सेंबाद्रा म्हणजे आपली सुभद्रा, थोडं पलीकडे भीम आणि घटोत्कच. गाव सगळं मुसलमान, पण आमचा ड्रायव्हर मला श्रीकांडी ही अर्जुनाची बायको असं ठासून सांगत होता. मी म्हटलं आमच्यात शिखंडी वेगळा असतो रे बाबा. त्याला ते काही पटलं नाही.

हा ड्रायव्हर पठाराच्या पश्चिमेकडच्या बातूर भागातला. रस्त्याच्या कडेने जिओथर्मल प्लँटचे वाफेचे जाडजूड पाइप जातात, ते बघून मी सहज विचारलं की इथे भीती नाही का वाटत, तर म्हणाला वाफेची नाही वाटत, वाफ दिसते. मग त्याने 1979 चं सांगितलं, 20 फेब्रुवारीला सिनिला विवराचा स्फोट झाला, लोक घाबरून पळाले आणि पळताना नेमके जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडले, 149 माणसं गेली. रंग नाही वास नाही, हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचून राहतो. त्याच्या आईने लहानपणापासून एकच सांगितलेलं, वारा पडला असेल तर खड्ड्यातल्या शेतात उतरायचं नाही. एवढं बोलून त्याने रेडिओ लावला.

युनिट म्हणजे एका घराचा मागचा भाग. तिथे कारिका बनतं, म्हणजे डोंगरी पपई, मुठीएवढी, आंबट, कच्ची खाववत नाही पण पाकात घातली की सुगंध असा की काय सांगू. दहाबारा बायका हातमोजे घालून सोलत बसलेल्या, कारण चिकाने हात खाजतात. गंमत म्हणजे खरा वास बियांभोवतीच्या गरात असतो, तो गाळून पाकात घालतात, बिया फेकतात. मालकीणबाई पन्नाशीच्या, सगळे त्यांना 'बू' म्हणजे आई म्हणतात म्हणून मीही बू, आणि मी झालो 'मास इंडिया', म्हणजे इंडियाचा दादा. साखरेला गुला, काचेला काचा, डोक्याला केपाला, त्यामुळे अर्धा दिवसात मी आपण भाषा शिकलो अशा हवेत.

आता मशीन. कप भरून सील झाले की आतले जंतू मरावेत म्हणून ते गरम पाण्याच्या टाकीतून कन्व्हेयरवर जातात. पुण्यात सेटिंग केलेलं 96 डिग्री, आणि इंटरलॉक असा की 96 झाल्याशिवाय कन्व्हेयर हलणारच नाही. बर्नर पेटवला. तिथे 3 किलोचे हिरवे गॅस सिलिंडर असतात, लोक त्याला मेलनच म्हणतात, ते जोडून ठेवलेले. 70, 80, 90, 92. आणि थांबलं! पंधरा मिनिटं, अर्धा तास, 92 म्हणजे 92. एक मेलन संपला, दुसरा लावला, बू काही बोलल्या नाहीत पण रिकामा मेलन उचलून नेताना माझ्याकडे बघितलं ते मला समजलं.

पाणी खळाखळा उकळतंय, खोलीभर वाफ, आणि डिस्प्लेवर 92. मग काय, सेन्सरच चुकतोय, सरळ आहे. बदलला. नवा पण 92. वायरिंग बघितली, कंट्रोलर उघडला, दोन टर्मिनल उगाचच आवळले. म्हटलं बर्फात टाकून झीरो बघू. तर बर्फ कुठे? इंडोनेशियात जिथे जाल तिथे लोक बर्फ घातलेला चहा पितात, पण ह्या गावात बर्फ मागितल्यावर सगळ्या बायका हसत सुटल्या, सकाळी गवतावर होता तेव्हा का नाही घेतला म्हणे. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात आइसक्रीमच्या फ्रीजरच्या कडेचा खरवडून आणला. सेन्सर बुडवला. 0.2. म्हणजे सेन्सर चोख!

तिसरा मेलन चालू. मी स्टुलावर डोकं धरून बसलो. बूंनी उकडलेले बटाटे आणि तिखट चटणी समोर ठेवली आणि सहज म्हणाल्या, आज उशीर झाला, इथे बटाटा शिजायला वेळच लागतो, खाली वोनोसोबोला माझ्या बहिणीकडे पटकन शिजतो.

हातातला बटाटा तसाच राहिला. अरे गाढवा! शाळेत शिकलेलं, उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक डिग्री कमी. 2,300 ला पाणी 92 लाच उकळणार, त्या टाकीखाली अख्ख्या जावाचे मेलन लावले असते तरी 96 झालं नसतं. आणि आदल्या दिवशी दुकानात वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगलेली बघून मी हौसेने फोटो काढून बायकोला पाठवला होता. फोटो काढला, डोकं चालवलं नाही.

पुण्यात फोन लावला, जावात घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं त्यामुळे आमचा प्रोसेसवाला नुकताच जेवायला बसलेला. म्हणाला कारिका आंबट आहे ना, पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा साडेचारच्या खाली, अशा आंबटात जंतू तसेही तग धरत नाहीत, मग 96 कशाला हवंय, 86 ठेव, पट्टा हळू कर, आत जास्त वेळ राहू दे. दहा मिनिटांचं काम. सेट पॉइंट 86, ड्राइव्हवर स्पीड कमी, स्टार्ट. पट्टा हलला तशा सोलणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. तीन मेलनचे पैसे द्यायला गेलो तर बूंनी घेतले नाहीत, वर दोन डझन कप बांधून दिले.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण लिहायचा रकाना असतो, तिथे मी 'गावाची उंची' असं लिहिलं, ते ऑफिसात अजून चेष्टेचा विषय आहे. आल्यावर कप टेबलावर ठेवले तर साहेबांनी चष्मा लावून बघितलं, वरची फिल्म चांगलीच आत ओढली गेलेली. म्हणाले हे काय, सीलिंग गंडलंय का? मी म्हटलं साहेब, आधी खा, मग सांगतो.