पंट मारायला नको होता

21 जानेवारी 2025, मंगळवार
कोलंबस, इंडियाना

काल रात्री अटलांटात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना झाला. ओहायो स्टेट 34, नोटर डेम 23. आज ऑफिसात कॉफी घेताना सगळे एकमेकांची समजूत घालत होते. आपली इंडियाना युनिव्हर्सिटी अख्ख्या मोसमात दोनच सामने हरली, आणि तेही नेमके याच दोघांकडून! म्हणजे आपण काही वाईट नव्हतो.

मला हे पटत नाही. माझं डोकं अजून 20 डिसेंबरच्या रात्रीतच, नोटर डेमविरुद्धच्या सामन्यात, अडकलंय. चौथा क्वार्टर, 20-3 असे मागे, चेंडू मैदानाच्या मध्याजवळ आणि आपले कोच सिग्नेटीसाहेब यांनी पंट मारायला लावला. म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून आपणहून नोटर डेमच्या हवाली. अरे, 17 गुणांनी मागे आहात, वेळ संपत चाललाय, वाचवताय काय? त्यांनी पुढे आणखी एक टचडाऊन केला, म्हणजे चेंडू आपल्या शेवटच्या रेषेपार नेला. शेवटी शेवटी आपण दोन मारले खरे, पण 27-17. संपलं.

बायको म्हणाली, महिना झाला, आता सोड. बरोबर आहे तिचं. पण मला गंमत या रागाचीच वाटते. मी इथे आलो तेव्हा या संघावर कुणी रागावतच नसे. कमिन्स या इंजिन कंपनीमुळे या गावात पुण्याची माणसं बरीच आहेत आणि युनिव्हर्सिटीचं गाव ब्लूमिंग्टन तासाभरावर, त्यामुळे कधीमधी मॅचला जाणं व्हायचं. लोक पार्किंगमध्ये दुपारभर खायचे-प्यायचे, मध्यंतरापर्यंत बसायचे आणि घरी जायचे. हा बास्केटबॉलचा प्रांत. फुटबॉल म्हणजे हिवाळा येईपर्यंतचा टाइमपास. देशातल्या वरच्या श्रेणीत सगळ्यात जास्त सामने हरलेला संघ तेव्हा हाच होता, आणि लोक ते हसत हसत सांगायचे. 2023 मध्ये 12 पैकी 9 हरले, कोचला काढलं. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

मग कर्ट सिग्नेटी आला. बासष्टीचा माणूस, कधी हसताना दिसत नाही. अलाबामात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखाली होता. 2011 मध्ये ती नोकरी सोडून, कमी पगारावर, दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या कॉलेजचा हेड कोच झाला, कारण त्याला स्वतःचा संघ हवा होता. मला त्याची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. इथे आल्यावर पत्रकारांनी विचारलं तर म्हणाला, मी जिंकतो, गूगल करून बघा. मी केलं. जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीत पाच वर्षांत 52 विजय, 9 पराभव. तरी मोसमाआधीच्या अंदाजात बिग टेन या आपल्या लीगच्या 18 संघांत आपण सतरावे!

आता सगळे ‘संस्कृती बदलली, मानसिकता बदलली’ असं बोलतात. बदलली असेल. पण आधी माणसं बदलली, हे कुणी म्हणत नाही. हल्ली खेळाडूंना कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. त्याने जेम्स मॅडिसनचे 13 जण सोबत आणले: फिशर, कमारा, सॅराट, पाँड्स. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा, कर्टिस रूर्क ओहायो युनिव्हर्सिटीतून आला. पोरं नव्हेत, चार-पाच वर्षं खेळून मुरलेले गडी. नवा गडी, नवं राज्य. यात कमीपणा काही नाही, पण जादूही नाही.

पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. या युनिव्हर्सिटीने एका मोसमात दहा विजय त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. क्रम मला आता आठवतही नाही, नेब्रास्काचा 56-7 मात्र लख्ख आठवतो. मिशिगनला 20-15 हरवलं त्या दिवशी शेजारचे आजोबा रस्त्यापलीकडून ओरडून स्कोअर सांगत होते, जणू आमच्याकडे टीव्हीच नाही. 1967 च्या मोसमात संघ रोझ बोल या मानाच्या सामन्याला गेला तेव्हा ते शाळेत होते. तेव्हापासून वाट पाहतायत बिचारे. ओहायो स्टेटने 38-15 धुतलं, तर पुढच्या आठवड्यात आपण पर्ड्यूला, राज्यातल्याच जुन्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटीला, 66-0. ती ओकच्या लाकडाची जुनी बादली, जिच्यासाठी हे दोघे 1925 पासून भांडतात, ती परत आली. आमच्यातला एक जण पर्ड्यूचा एमएस. त्याने त्या रात्री फोन बंद ठेवला, आणि गणेशोत्सवात ज्या तावातावाने तो पर्ड्यूचं कौतुक करतो ते आठवून मी त्याला मुद्दाम तीनदा लावला.

आणि या महिन्यात बातमी आली की रूर्क अख्खा मोसम गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटलेला असताना खेळला. हे वाचल्यावर पंटबद्दल थोडं नमतं घ्यावंसं वाटलं. कोचला ते ठाऊक असणार. आपल्याला घरात बसून फक्त 20-3 दिसत होतं.

थोडंच. संध्याकाळी बर्फ काढताना आजोबांशी परत विषय निघाला. ते म्हणाले, पंट बरोबर होता, बचावावर विश्वास ठेवायला हवा. मी म्हटलं, त्या बचावाविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये नोटर डेमचा लव्ह 98 यार्ड पळाला, त्याचं काय? फावडी तशीच धरून आम्ही वीसेक मिनिटं भांडलो. रूर्क आता संघातून गेला, त्याच्या जागी कॅलिफोर्नियाहून मेंडोझा नावाचा मुलगा येतोय. आजोबांना तो पसंत नाही. मी म्हटलं, आधी खेळू तर द्या. सीझन तिकिटं या वेळी लवकर संपतील म्हणे, उद्या भाव बघतो.