आईच्या गुडघ्यांसाठी केबिन शोधताना

शनिवार, रात्री साडेअकरा

गरम पाण्याच्या टबची पायरी किती उंच आहे, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणे. केबिनच्या मालकीणबाई क्षणभर थांबल्या, "मोजूनच सांगते" म्हणाल्या आणि फोन चालू ठेवूनच बाहेर गेल्या. टेप सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. टबचा काठ ८८ सेंटिमीटर, बाजूला दोन पायऱ्या, प्रत्येकी २० सेंटिमीटरची, आणि धरायला कठडा एका बाजूला. तिथंच माझा निम्मा निर्णय झाला.

गेले दहा दिवस रोज रात्री हेच चाललंय. गावापासून लांब, झाडीतली केबिन हवी, बाहेर ओट्यावर हॉट टब हवा. आई, ताई, ताईची चार वर्षांची चिऊ आणि मी अशा चौघी. आईचे गुडघे सकाळी इतके धरतात की पलंगावरून उठून दारापर्यंत जायला तिला भिंतीचा आधार लागतो. छातीपर्यंत पाण्यात बसलं की अंगाचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं, सांध्यांवरचा भार उतरतो. उघड्या आभाळाखाली तिला तसं निवांत बसलेलं मला बघायचंय. एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

सुरुवातीला मी फोटोच बघत होते. टबमधून उठणारी वाफ, मागं डोंगर, कडेला दिवे. सगळेच फोटो संध्याकाळी काढलेले, त्यामुळे पाणी कसं आहे ते एकाही फोटोत कळत नाही. आणि मला पाण्याचीच धास्ती आहे. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते. जेट, म्हणजे टबमधले पाण्याचे झोत, सुरू केले की फेस यायचा आणि तो बराच वेळ बसायचा नाही. क्लोरीनचा उग्र वास होता, तो मी स्वच्छतेची खूण समजले. दोन दिवसांनी पोहण्याच्या कपड्याखाली, नेमकं तिथंच, लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी स्यूडोमोनास जंतूचं नाव घेतलं. नंतर समजलं की तो उग्र वास चांगल्या क्लोरीनचा नसतोच. घाम, मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो सुटतो. म्हणजे जंतू मारायला पाण्यात फारसं क्लोरीन उरलेलंच नसतं.

पुरळ आठवड्यात गेलं. खरी भीती लेजिओनेला जंतूची. त्याला कोमट पाणी मानवतं, आणि जेटमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसता दाखवायला ठेवलेला एक टब होता. त्यात कुणी उतरलंसुद्धा नव्हतं. शेजारून गेलेली माणसं आजारी पडली, किमान ३२ जण दगावले. उतारवयात हा धोका वाढतो. हे वाचल्यापासून मी प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारायला लागले: पाणी केव्हा बदलता, आणि क्लोरीन किती वेळा तपासता?

उत्तरं बहुतेक सारखीच. "दर पाहुण्यांनंतर पाणी नवं भरतो, आणि तुम्ही चारला आलात की टब गरमच असेल." ऐकायला छान वाटलं. मग मी कागद घेऊन गणित मांडलं. हजार लिटर पाणी १५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायचं तर जवळजवळ २७ युनिट वीज लागते. हीटर तीन किलोवॉटचा असेल तर नऊ तास, आणि उष्णता वाया जाते ती धरली तर त्याहून जास्तच. आधीचे पाहुणे अकराला गेले, टब रिकामा करून घासला, पुन्हा भरला, तेव्हाच एक वाजणार. मग चारला गरम कसा? एक तर हीटर चांगला दांडगा हवा, नाहीतर गरम पाणीच भरायला हवं. दोघांना तसं विचारलं, दोघांनीही विषय बदलला. या बाईंनी मात्र मी विचारण्याआधीच सांगितलं: "पहिल्या रात्री दहा वाजेपर्यंत टबची आशा धरू नका. पाणी ताजं असतं, तापायला वेळ लागतो." क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली ते) दिवसातून दोनदा पट्टीवर तपासतात, आकडे वहीत लिहून ठेवतात. मी वहीचा फोटो मागितला. पाचच मिनिटांत आला, निळ्या शाईतले आकडे, एका पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग. त्यांच्या केबिनचे फोटो बाकीच्यांच्या पासंगाला पुरत नाहीत. तरी मला तीच हवी.

ताईला लाकडावर तापणारा टब हवा होता. जाळाचा आवाज, धुराचा वास, मलाही आवडतं ते. पण त्यात तापमान एका जागी राहत नाही, आणि आईला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तिच्या डॉक्टरांनी ३८ अंशांच्या वर नको, दहा-पंधरा मिनिटं पुरे आणि बाहेर येताना घाई नको, असं बजावलंय. हे ऐकल्यावर ताईने लाकडाचा हट्ट सोडला. चिऊला तर टबमध्ये न्यायचंच नाही, पाच वर्षांखालच्या मुलांना तो वर्ज्य. तिच्यासाठी केबिनमागचा उथळ ओढा आहे. झाकणाला कुलूप लागतं का, हेही विचारून घेतलं. लागतं.

संध्याकाळी घरातलं स्टूल मोजलं, बरोबर वीस सेंटिमीटर. आईला म्हटलं, चढून बघ. तिने माझा खांदा धरला, पाय ठेवला, चढली. मग विचारते, "चढेन गं, पण आत उतरायचं कसं?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरच्या पायरीवरून काठ अजून ४८ सेंटिमीटर. तो ओलांडायला गुडघा वाकवावाच लागणार. मग आम्ही दिवाणाच्या कडेवर सराव केला: आधी काठावर बसायचं, मग दोन्ही पाय जोडून आत फिरवायचे. तिसऱ्या वेळेला माझा हात न धरता जमलं. तिने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

बुकिंग केलं. अमावास्येच्या आसपासचे तीन दिवस घेतलेत, आभाळ काळंभोर असेल. दहानंतरच टब मिळणार असल्याने पहिल्या रात्री नाहीतरी ताऱ्यांच्याच वेळेला पाण्यात बसणं होईल.

कठडा चढताना कुठल्या हाताला येतो, तेवढं मात्र विचारायचं राहिलं. आईचा डावा गुडघा जास्त दुखतो. उद्या सकाळी पहिला फोन तोच.