रिकामा झोपाळा

आज दुपारी बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आत्याकडे कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन गेले. काका जाऊन दोन वर्षं झाली. माजघरातला झोपाळा तेव्हापासून तसाच आहे, आत्या त्यावर बसत नाही.

तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. शटर बराच वेळ उघडं ठेवता यावं म्हणून सेन्सरची संवेदनशीलता कमी (आयएसओ १००), भिंगाचं छिद्र लहान (एफ ११), शटर ४ सेकंद. शटर दाबायच्या आधी झोपाळ्याला हलकासा झोका दिला. इतका वेळ शटर उघडं राहिलं की स्थिर माणूस स्पष्ट उमटतो आणि हलणारं सगळं धूसर होतं. आत्या अगदी नीट आली, हातावरच्या शिरांसकट. शेजारी झोपाळ्याची नुसती धुरासारखी पट्टी, फक्त वरच्या कड्या स्पष्ट.

हे मी ठरवूनच केलं होतं. पण तिसऱ्या फोटोच्या वेळी कड्या करकरल्या आणि आत्याने मान वळवली. चेहरा पुसला गेला. तांत्रिकदृष्ट्या बिघडलेला फोटो, आणि मला तोच हवा आहे.

आपल्या बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट १९६७ पासून गुजरातच्या खेड्यांत फिरून रंगवलेल्या भिंती टिपत राहिले. त्या भिंतींसमोर उभी माणसं मला नेहमी आठवतात, कारण घर आणि माणूस त्यात वेगळे काढताच येत नाहीत. आत्याचंही तसंच झालंय.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला तो फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तेल घालायला हवं गं कड्यांना. हे दर दिवाळीला घालायचे."

तेलाची वाटी मीच आणली.